पोटुशी सिस्टर आणि शेकाचा पेशंट

कॅन्सर वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरला दिवस गेलेत हे कळलं की सल्ले सुरू होतात. सासू फोन करून सांगते नोकरी सोड, बरोबरीच्या सिस्टर म्हणतात त्या शेकाच्या, म्हणजे रेडिओथेरपीच्या, पेशंटकडे आता तू जाऊ नकोस आम्ही बघतो, मेट्रन घाईघाईने ड्युटी बदलते, आणि हे सगळं मायेपोटीच होतं यात मला अजिबात शंका नाही. मी गोव्यात रेडिओथेरपीच्या पेशंटबरोबर बरीच वर्षं काम करतेय, स्टाफ नर्स आहे, आणि ही माया मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. पण त्यातली बरीच भीती चुकीच्या माणसाला चिकटते आणि जिथे खरंच जपायला हवं तिथे कोणी काही बोलत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. सिस्टर लोकांनी वाचावं, आणि घरी शेक घेणारा पेशंट आणि पोटुशी सून अशी दोन्ही माणसं असतील त्यांनी तर नक्कीच वाचावं.

आधी त्या पेशंटचं सांगते. सत्तरीच्या बाजूचे एक आजोबा होते, जिभेच्या कडेला कॅन्सर, ऑपरेशन झालेलं आणि आता शेक चालू. सोमवार ते शुक्रवार रोज, एकूण सहा आठवडे. शेक घेऊन बाहेर आले की त्यांच्या गालावर आणि कपाळावर त्या प्लास्टिकच्या जाळीदार मास्कचे ठसे उमटलेले असायचे, बारीक बारीक चौकोन, आणि ते जाईपर्यंत ते टॉवेल तोंडावर धरून बसायचे कारण लोक बघतात. तोंड आतून सोललेलं, थुंकी गिळता येत नाही, नाकात नळी. खायच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायच्या, त्याही हळू. आमची एक सिस्टर तेव्हा पाचव्या महिन्यात होती, ती त्यांची नळी बघायला गेली तर त्यांनी हाताने खूण करून तिला लांब थांबवलं आणि कसंबसं बोलले, "बाय, लागीं येवं नाका गो, तुज्या भुरग्याक कितें तरी जातलें." म्हणजे जवळ येऊ नकोस, तुझ्या बाळाला काहीतरी होईल. चौकशी केल्यावर कळलं की घरी त्यांची सून पण गरोदर, शेक सुरू झाल्यापासून ती माहेरी जाऊन राहिली होती आणि आजोबांचं ताट-वाटी-अंथरूण सगळं वेगळं करून पडवीत हलवलं होतं. पाऊस धो धो आणि माणूस पडवीत.

त्यांच्या अंगात रेडिएशन नव्हतंच. शेक संपून दार उघडलं त्या क्षणापासून दुसऱ्या दिवशी परत टेबलावर झोपेपर्यंत त्यांच्यात आणि तुमच्या-माझ्यात रेडिएशनच्या बाबतीत काहीच फरक नव्हता. कुठल्याही मीटरने मोजलं असतं तरी हेच दिसलं असतं.

हे कसं, ते नीट समजून घ्या, कारण एकदा हे डोक्यात बसलं की अर्धी भीती तिथेच जाते. आजकाल बहुतेक पेशंटना शेक मिळतो तो लिनॅक मशीनवर. लिनॅकमध्ये किरणोत्सर्गी असा कुठला पदार्थ ठेवलेला नसतो. विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवून धातूच्या तुकड्यावर आपटतात, त्यातून जोरदार एक्स-रे निघतात आणि ते गाठीवर सोडतात. बीम बंद की एक्स-रे बंद. ते पेशंटच्या शरीरातून जातात, जाताना पेशींचं जे करायचं ते करतात, पण शरीरात साठून राहत नाहीत. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाला आपण घरात वेगळं बसवतो का? इथे डोस खूप मोठा आहे, रोज साधारण २ ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं माप) आणि सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे, पण तो पेशंटने घेतलेला डोस आहे, तो पेशंटमधून दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

मग नियम बघून घ्या. बीम चालू असताना खोलीत पेशंटशिवाय कोणीही नसतं, पोटुशी असो नसो. बाहेर कन्सोलवर बसलेल्या टेक्नॉलॉजिस्टच्या आणि मशीनच्या मध्ये जाड, काही ठिकाणी दोन मीटरच्या आसपास काँक्रीट असतं, त्यामुळे तिथे पडणारा डोस नेहमीच्या वातावरणात असतो त्याच्या आसपासच राहतो. जास्त ताकदीचा बीम, म्हणजे १५ एमव्ही (मेगाव्होल्ट) वगैरे वापरला तर मशीनच्या डोक्यातल्या धातूत थोडीशी किरणोत्सर्गी अ‍ॅक्टिव्हिटी तयार होते आणि ती बरीचशी काही मिनिटांत उतरते, तेव्हा गरोदर टेक्नॉलॉजिस्टने लगेच आत धावण्यापेक्षा दुसऱ्याने पेशंटला उतरवून घ्यावं हे चांगलं. सिस्टरला तर तेवढाही विचार करायला नको, कारण तिच्यापर्यंत पेशंट येतो तेव्हा तो वेटिंगमध्ये बसलेला असतो.

जुन्या कोबाल्ट मशीनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कोबाल्ट-६० चा सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाचा तुकडा, मशीनच्या डोक्यात कायम असतो आणि तो कधीच "बंद" होत नाही, फक्त शिशाच्या जाड कवचाआड सरकतो. त्यामुळे बीम नसतानाही मशीनच्या डोक्याजवळ थोडं लीकेज असतं, नियमाने ठरवलेल्या मर्यादेत, पण असतं. म्हणून त्या खोलीत पेशंटला सेट करणाऱ्या गरोदर टेक्नॉलॉजिस्टची तिथली ड्युटी बदलणं योग्य आहे. पेशंट मात्र तिथूनही तसाच कोरा बाहेर येतो.

ब्रॅकीथेरपी म्हटलं की लोक अजून घाबरतात कारण सोर्स शरीराच्या आत जातो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायकांना हे खूपदा लागतं. आता बहुतेक ठिकाणी हे मशीनने होतं, इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याएवढा सोर्स तारेच्या टोकाला असतो, तो नळीतून आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि परत मशीनच्या तिजोरीत येतो. आल्यावर सर्व्हे मीटरने पेशंट तपासतात. मीटर शांत असेल तर ती बाई रेडिओअ‍ॅक्टिव्ह नाही, तिचे अ‍ॅप्लिकेटर (आत बसवलेल्या नळ्या) काढायला, तिला सावरून बसवायला, तिचा हात धरायला पोटुशी सिस्टरला काही हरकत नाही. आणि त्या वेळी हात धरायची गरज फार असते हे मी वेगळं सांगायला नको.

भीती खरी कुठे आहे तर तो सोर्स परत आला नाही तर. असं अगदी क्वचित होतं पण त्याची तालीम प्रत्येक विभागात असते, कोणीतरी आत जाऊन सोर्स हाताने परत फिरवायचा किंवा अ‍ॅप्लिकेटरसकट काढून शिशाच्या भांड्यात टाकायचा. नवा सोर्स साधारण १० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) असतो, तो उघडा पडला तर एक मीटरवर तासाला ४० मिलिग्रेच्या आसपास, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ०.७. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की गरोदर बाईचं नाव ब्रॅकीच्या इमर्जन्सी टीममध्ये असताच कामा नये, आणि हे नाव काढायचं काम ज्या दिवशी ती सांगेल त्याच दिवशी व्हायला पाहिजे, पुढच्या महिन्याच्या रोस्टरची वाट बघत नाही.

आता ज्यांच्यापासून खरंच जपायचं ते पेशंट. आयोडीन-१३१ घेतलेले पेशंट यात सगळ्यात वर. थायरॉइडच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर हे आयोडीन कॅप्सूल किंवा द्रव म्हणून पाजतात. इथे औषधच किरणोत्सर्गी, ते पेशंटच्या रक्तातून फिरतं, आणि लघवी, घाम, थुंकी सगळ्यातून बाहेर येतं. थायरॉइड काढलेल्या माणसात बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातं, म्हणूनच त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीच्या संडासाचं पाणी वेगळ्या टाक्यांत साठवून, अ‍ॅक्टिव्हिटी उतरल्यावरच सोडतात. आयोडीन-१३१ ची अ‍ॅक्टिव्हिटी दर आठ दिवसांनी निम्मी होते. १०० मिलिक्युरी दिलेल्या पेशंटपासून एक मीटरवर सुरुवातीला तासाला साधारण ०.२ मिलिसिव्हर्ट (जवळच्या माणसाला बसणाऱ्या डोसचं माप, त्याची मर्यादा पुढे सांगते) मिळतात. म्हणजे पाच तास त्याच्या उशाशी बसलं तर १ मिलिसिव्हर्ट. दोन मीटरवर गेलात तर चौथा हिस्सा. इथे पोटुशी बाईने जायचं नाही. घाबरट आहे म्हणून नव्हे, तर इथे धोक्याचं कारण मोजता येतं म्हणून. त्यातून बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढायला लागते आणि आयोडीन वार ओलांडून जातं, त्यामुळे इथे बाहेरच्या किरणांपेक्षा पोटात जाण्याची भीती मोठी, म्हणजे सांडलेली लघवी, ओली चादर, उलटी.

आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगते, गोव्यातल्या साध्या वॉर्डात हा पेशंट येऊ शकतो. मुंबईला परळला जाऊन आयोडीन घेतलं, तिथून हातात सूचनांचा कागद देऊन सोडलं, रेल्वेने घरी आला आणि चार दिवसांनी ताप किंवा उलट्या म्हणून जवळच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाला. तो कागद घरी कपाटात. केस पेपरवर लिहिलेलं असतं "थायरॉइड ऑपरेटेड". सिस्टरला काय कळणार? म्हणून थायरॉइड कॅन्सरचा पेशंट आला की एक प्रश्न विचारायचाच, आयोडीन घेतलंय का आणि कुठल्या तारखेला.

दुसरे म्हणजे कायमच्या बिया बसवलेले पेशंट, प्रोस्टेटमध्ये आयोडीन-१२५ च्या बारीक सीड्स ठेवतात, त्या तिथेच राहतात, त्यांचा किरणोत्सर्ग दर साठ दिवसांनी निम्मा होतो. त्यांचे किरण इतके मऊ असतात की बरेचसे पेशंटच्या शरीरातच अडतात, तरी पहिले दोन महिने पोटुशी बाईने शेजारी चिकटून बसू नये आणि लहान मुलाला मांडीवर घेऊ नये असं सांगतात. डोळ्याच्या कॅन्सरला भाभा अणुसंशोधन केंद्रात बनवलेला प्लाक, म्हणजे किरणोत्सर्गी चकती, डोळ्यावर शिवतात, तो असेपर्यंत त्या पेशंटला सोर्स आहे असं धरायचं, काढला की संपलं.

तिसरे म्हणजे ज्यांचा कोणी विचारच करत नाही ते, स्कॅन करून वॉर्डात परत आलेले पेशंट. पेट स्कॅनला जे औषध टोचतात ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, बोन स्कॅनचं दर सहा तासांनी. पेट स्कॅनवरून नुकत्याच आलेल्या पेशंटपासून एक मीटरवर तासाला वीस-तीस मायक्रोसिव्हर्टच्या घरात मिळू शकतात, हा आकडा लहान आहे, एका मिलिसिव्हर्टचे हजार मायक्रो होतात, पण सकाळी चार पेशंट स्कॅनला जाऊन आले आणि चौघांच्या आयव्ही, बेडपॅन, सगळं त्याच सिस्टरने केलं आणि हे महिनोन् महिने चाललं तर बेरीज होते. उपाय इतका साधा आहे, पेशंट जेवून झोपू दे, पाणी भरपूर पिऊ दे, तातडीचं नसलेलं काम संध्याकाळी कर किंवा दुसरीला दे. तीच ड्युटी, तोच पेशंट, फक्त वेळ बदलला.

आता तो मिलिसिव्हर्ट. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे ए ई आर बी, हे नियम ठरवतं. रेडिएशनचं काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य लोकांना वर्षाला १. आणि काम करणाऱ्या बाईने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या गरोदरपणात बाळाला मिळणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत. म्हणजे बाळाला सर्वसामान्य माणसासारखं धरलंय, कामगार म्हणून नाही, आणि ते बरोबरच आहे, बाळाने ही नोकरी निवडलेली नाही.

हा १ म्हणजे धोक्याची रेषा आहे असं मात्र समजू नका. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, आकाशातून, हवेतून, खाण्यातून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळतात. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे काही वस्त्यांत याच्या कितीतरी पट मिळतात, तिथे हजारो नवजात बाळांची तपासणी झाली आणि व्यंगांचं प्रमाण शेजारच्या भागापेक्षा जास्त आढळलं नाही. बाळात व्यंग येणं, मेंदूची वाढ खुंटणं हे परिणाम साधारण १०० मिलिग्रेच्या खाली दिसत नाहीत असं आयसीआरपी या रेडिएशनपासूनच्या संरक्षणाचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० सालीच लिहून ठेवलंय, आणि त्याच्या खालच्या डोससाठी गर्भपाताचा सल्ला देणं योग्य नाही असंही. हे मुद्दाम लिहितेय, कारण घाबरून त्या टोकाला जाणाऱ्या मुली मी बघितल्यात. रेडिएशनशी काडीचा संबंध नसलेल्या गरोदरपणातसुद्धा शंभरातल्या साधारण तीन बाळांत मोठं व्यंग निघतं, आणि असं काही झालं की आयुष्यभर ती बाई आपल्या नोकरीला दोष देत बसते.

कॅन्सरचा धोका मात्र असा एखाद्या रेषेवर थांबत नाही, डोस वाढेल तसा तो थोडा थोडा वाढतो असं धरूनच नियम केलेत, म्हणून १०० पर्यंत चालेल असं कोणी म्हणत नाही, १ म्हणतात आणि त्याच्याही जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवा म्हणतात. आणि आता तो इरिडियमचा आकडा आठवा, (या किरणांसाठी १ मिलिग्रे म्हणजे जवळजवळ १ मिलिसिव्हर्ट धरा) उघड्या सोर्सपासून मीटरभर अंतरावर दीड मिनिट, आणि नऊ महिन्यांचा कोटा संपला. उलट शेकाच्या आजोबांजवळ नऊ महिने रोज बसलं तरी शून्य.

आपल्याकडे ग्रहण पाळतात तसं रेडिएशन पाळलं जातं, अमुक पेशंटची सावली नको, अमुक कॉरिडॉरमधून जाऊ नको, सुरीला हात लावू नको याच चालीवर. ग्रहण पाळणाऱ्यांशी माझं भांडण नाही, माझ्या आईनेही पाळलं. पण रेडिएशन मोजता येतं. मीटर आहे, विभागात आरएसओ म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर बसलेला असतो, त्याला सांगा ह्या पेशंटच्या खाटेशी मीटर धरून दाखवा. त्या पाचव्या महिन्यातल्या सिस्टरला आमच्या फिजिसिस्टने हेच करून दाखवलं, आजोबांच्या गळ्यापाशी मीटर धरला, मग रिकाम्या खुर्चीपाशी धरला, काटा दोन्हीकडे तिथेच. आजोबा टॉवेल बाजूला करून बघत होते. त्यांच्या मुलाला पण तो काटा बघायला बोलावलं, आणि सुनेला फोनवर मी स्वतः सांगितलं.

आता सगळ्यात अवघड विषय, सांगायचं कधी. आपल्यात तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही ही पद्धत आहे, दृष्ट लागते म्हणा किंवा काही बरं-वाईट झालं तर लोकांना तोंड द्यावं लागतं म्हणा, मला ती भावना पूर्ण समजते. पण बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ आठवा ते पंधरावा आठवडा, हिरोशिमा-नागासाकीच्या मुलांच्या अभ्यासातून ते कळलंय. थायरॉइडचं दहाव्या-बाराव्या आठवड्याचं वर लिहिलंच. म्हणजे आपण तोंड बंद ठेवून बसतो ते नेमके तेच आठवडे. आणि नियमाचं संरक्षण तुम्ही कळवल्यावरच सुरू होतं, तोपर्यंत कागदावर तुम्ही २० मिलिसिव्हर्टवाल्याच. तेव्हा वॉर्डाला सांगू नका, जावेला सांगू नका, पण आरएसओला एका कागदावर लिहून द्या, तारीख घाला, आणि हे इतर कोणाला कळता कामा नये असं स्पष्ट सांगा. हे सांगायला लाजायचं काही कारण नाही. विभागाच्या डॉक्टरना विनंती आहे की अशा कागदाची चर्चा चहाच्या टेबलावर होऊ देऊ नका, एकदा झाली की पुढची मुलगी सांगणार नाही.

कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलींची अडचण मला जास्त टोचते. त्या लपवतात ते दृष्टीच्या भीतीने नाही, नोकरीच्या भीतीने. एका मुलीने मला पाचवा महिना संपताना सांगितलं, तोपर्यंत ती न्यूक्लिअर मेडिसिनचे, म्हणजे किरणोत्सर्गी औषध दिलेले, पेशंट बिनबोभाट करत होती कारण आधीच्या ठिकाणी दुसऱ्या एकीला असं सांगितल्यावर "सध्या घरीच राहा" म्हणून काढलं होतं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे सुरक्षा मानक स्वच्छ सांगतात की गरोदर असल्याचं कळवलं हे बाईला कामावरून दूर करायचं कारण होऊ शकत नाही, मालकाने कामाची पद्धत बदलायची. दूध पाजणाऱ्या आईलाही हेच लागू, कारण आयोडीन अंगात गेलं तर ते दुधातून उतरतं. तर ड्युटी बदला, घरी पाठवू नका. ओपीडी आहे, प्लॅनिंगचे कागद आहेत, पेशंटला त्वचेची काळजी शिकवायची आहे, आमच्याकडे बिनरेडिएशनचं काम पुरून उरतं.

अंगावर काय घालायचं हाही सतत येणारा प्रश्न. शिशाचा एप्रन घालून कॅन्सर वॉर्डात दिवसभर फिरणारी पोटुशी मुलगी बघितली की मला तिच्या कमरेची काळजी वाटते. तो अर्धा मिलिमीटर शिशाचा एप्रन साध्या एक्स-रेसाठी, सी-आर्मसाठी (ऑपरेशनच्या वेळी वापरतात तो फिरता एक्स-रे) फार चांगला, तिथे तो नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो. आयोडीन-१३१, पेट स्कॅनचं औषध, इरिडियम, कोबाल्ट यांचे किरण त्यातून आरामात पार होतात, आयोडीनचे निम्मे अडवायलाच तीन मिलिमीटरच्या आसपास शिसं लागतं. म्हणजे नुसतं वजन आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसा, त्या भरवशाने माणूस पेशंटजवळ जास्त वेळ थांबतो. इथे कामाला येतं ते अंतर आणि वेळ. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे आला तर दोन-तीन मीटर मागे सरकायचं, बस.

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला मिळालेला डोस नोंदवणारा बिल्ला, छातीवर असतो, गरोदर असाल तर पोटाच्या उंचीवर आणखी एक मागून घ्या, एप्रन असेल तर एप्रनच्या आत. बॅजचा रिपोर्ट तीन महिन्यांनी येतो, गरोदरपणात तीन महिने म्हणजे फार उशीर, म्हणून जिथे खरंच सोर्स आहे तिथे खिशातला डिजिटल डोसिमीटर मागा, तो त्याच दिवशी आकडा सांगतो, रोज वहीत लिहा. आणि बॅज खोलीतल्या खुंटीवर एप्रनला लटकवून घरी जाऊ नका, तो तिथलं रेडिएशन मोजत बसतो आणि आकडा तुमच्या नावावर पडतो.

ज्याबद्दल कोणी मला कधीच विचारत नाही ते आता. त्या शेकाच्या पेशंटपैकी बऱ्याच जणांना आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असतं, गर्भाशयाच्या तोंडाच्या आणि तोंड-घशाच्या कॅन्सरला शेकाबरोबर हे देतातच. म्हणजे ज्या माणसाच्या अंगात रेडिएशन नाही त्याच्या लघवीत केमो आहे. पोटुशी सिस्टर त्याच्या शेजारी बसायला घाबरते पण त्याची लघवीची पिशवी साध्या पातळ हातमोज्याने, कधी त्याच्याशिवाय, रिकामी करते. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं वाढणाऱ्या पेशींवरच घाला घालतात, बाळ म्हणजे सगळीच वाढणारी पेशी, आणि हाताळणाऱ्या नर्सेसमध्ये गर्भपात जास्त होतात याची नोंद जगात झालेली आहे. केमो भरणं, चढवणं, सांडलेलं पुसणं हे काम गरोदर सिस्टरला देऊच नये. आणि केमोनंतर किमान ४८ तास त्या पेशंटची लघवी, उलटी, चादर हाताळताना दुहेरी हातमोजे, गाऊन, संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं. कॅन्सर वॉर्डात मला पोटुशी मुलीसाठी रोजची काळजी कशाची वाटते असं विचारलंत तर मी आधी हे सांगेन, मग जड पेशंट उचलणं, आणि लिनॅकच्या शेकाचं नाव त्या यादीत येणारच नाही.

आता मागणी. फाईलच्या पहिल्या पानावर, ठळक, एक ओळ हवी. पेशंटला किरणोत्सर्गी औषध किंवा सोर्स दिलाय का, कुठला, किती, कुठल्या तारखेला किती वाजता, आणि गरोदर स्टाफने कधीपर्यंत लांब राहायचं. केमो असेल तर शेवटची तारीख. लिनॅक किंवा कोबाल्ट मशीनवर शरीराबाहेरून शेक घेणारा असेल तर तेही लिहा, "रेडिओअ‍ॅक्टिव्ह नाही" असं चक्क लिहा, म्हणजे त्याची खाट कोपऱ्यात सरकवली जाणार नाही.

पण फाईल डॉक्टर आणि सिस्टर वाचतात. चादरी गोळा करणारी, बेडपॅन धुणारी, फरशी पुसणारी बाई फाईल उघडत नाही, तिला टीएलडी नाही, आरएसओ कोण ते ठाऊक नाही, बहुतेकदा ती एजन्सीतर्फे आलेली असते आणि दर काही महिन्यांनी बदलते. या बायका वयाने तरुण असतात, त्यांनाही दिवस जातात, आणि आयोडीनच्या किंवा केमोच्या पेशंटची ओली चादर सगळ्यात आधी त्यांच्याच हातात येते. तिला तोंडी सांगावं लागतं, कोंकणीत, कन्नडमध्ये, हिंदीत, जी तिची भाषा असेल तीत, खाटेपाशी नेऊन, ही चादर ह्या पिशवीत, ह्या हातमोज्याने, आणि तुला दिवस गेले असतील तर मला एकटीला सांग, तुझं काम जाणार नाही. हे शेवटचं वाक्य म्हणायच्या आधी सुपरवायझरकडून तसं लेखी घेऊन ठेवा.